बांगडी खुर्चीखाली : एका चित्राच्या नोंदी

९ नोव्हेंबर, शनिवार. वेंगुर्ला

पाऊस गेला. भात कापून झालं, खळं सारवून झालं, आणि आज पडवीत पाठीवर ऊन घेत बसता आलं. आता सुरुवात करायला हरकत नाही.

आमच्या मांजरीला, बांगडीला, यंदा तेरा वर्षं झाली. मासळी बाजारात बांगड्यांच्या रिकाम्या पाटीत सापडली तेव्हा मुठीएवढी होती. त्या पाटीवरूनच नाव पडलं. आता तिचे डाव्या बाजूचे बरेचसे दात गेलेत, आणि कट्ट्यावर उडी मारायच्या आधी ती दोनदा मान वर करून अंदाज घेते. तिचं चित्र काढायचं हे दोन वर्षं मनात आहे. फोटो शेकड्यांनी आहेत, पण एकाही फोटोत ती पूर्ण नाही. पट्टे नीट आलेत तिथे डोळे मिटलेले, डोळे आलेत तिथे शेपटी अंगाखाली गेलेली. फोटो त्या एका क्षणाचा असतो. मला तेरा वर्षांत तिच्याबद्दल जे कळलंय ते काढायचंय.

प्राचीन इजिप्तच्या चित्रांकडे ओढले गेले ती यामुळेच. तिथला चित्रकार एका जागी उभं राहून जे दिसतं ते काढत नव्हता. वस्तूचा प्रत्येक भाग जिथून सर्वात स्पष्ट कळतो तिथून काढायचा, ही त्यांची रीत. माणसाचं तोंड बाजूने, डोळा समोरून, खांदे समोरून, पाय पुन्हा बाजूने. लहानपणी पुस्तकात ती चित्रं पाहून वाटायचं, यांना जमत नसावं. आता वाटतं, एखाद्याला नीट ओळखणारा माणूस असंच काढील.

१० नोव्हेंबर, रविवार

कुठली मांजर समोर ठेवायची यावर सकाळ गेली.

मैत्रिणीला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, कानात सोन्याच्या रिंगा घाल. तिच्या डोळ्यांसमोर ब्रिटिश म्युझियममधली ती प्रसिद्ध ब्राँझची मांजर होती, गेयर-अँडरसन मांजर म्हणतात ती. इसवी सनापूर्वी सुमारे ६०० ची. ताठ बसलेली, कानांत आणि नाकात सोनं, छातीवर चांदीचा डोळा. सुंदर आहे, पण ती देवळातली आहे, बास्तेत देवीची. बास्तेतचं ठाणं नाईलच्या मुखाकडच्या प्रदेशात, बुबास्तिस गावी. तिथे देवीला मांजरीच्या मूर्ती वाहत. आमची बांगडी कुणाची देवी नाही. ती घरातली आहे.

घरातल्या मांजरी थडग्यांच्या भिंतींवर आहेत आणि त्या खुर्चीखाली असतात. लक्सरजवळ, नाईलच्या पश्चिमेला, नख्त नावाच्या माणसाच्या थडग्यात तो आणि त्याची बायको तावी खुर्चीवर बसलेत आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची मांजर मासा खातेय. साडेतेहतीस-चौतीसशे वर्षांपूर्वीचं चित्र. वर पाहुणे, वादक, फुलं, सगळा थाट; खाली ही आपल्या माशात. इपुई नावाच्या कारागिराच्या थडग्यात तर मोठी मांजर बाईच्या खुर्चीखाली आणि पिल्लू थेट त्याच्या मांडीवर, त्याच्या अंगरख्याच्या बाहीला नख लावतंय.

तेव्हा ठरलं. आईची आरामखुर्ची, तिच्याखाली बांगडी, पुढ्यात मासा. आई पूर्ण नाही, फक्त पावलं, लुगड्याचा काठ आणि खाली आलेला एक हात.

आईला सांगितलं. म्हणाली, "मांजरीचां चित्र ना? मगे माझे पाय कित्याक?"

तिच्या पायांशिवाय बांगडीची जागाच कळत नाही, हे तिला पटेना.

१६ नोव्हेंबर, शनिवार

फळी मिळाली. मोडलेल्या कपाटाचं फणसाचं दार, साठ सेंटिमीटर बाय पंचेचाळीस. लाकूड चाळीसेक वर्षं वाळलेलं, आता वाकायचं नाही.

थडग्यांत खडकावर आधी मातीचा आणि मग जिप्समचा गिलावा देत, आणि तो वाळल्यावर रंगवत. ओल्या चुन्यावरचं काम नव्हे ते, कोरड्यावरचं; रंग डिंकात किंवा सरसात कालवलेले. मी खडूची भुकटी आणि सरस घेऊन चार हात दिले. संध्याकाळी पांढरंशुभ्र, दुधाच्या सायीसारखं दिसत होतं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

अस्तराला तडे गेले. वरच्या कोपऱ्यात हात लावला तर खवल्यासारखे तुकडे सुटले. सरस जास्त झाला, आणि एक हात वाळायच्या आत मी दुसरा दिला. इथल्या खाऱ्या हवेत वाळल्यासारखं वाटतं, आतून ओलंच असतं. सगळं खरवडून काढलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

सावंतवाडीला जाऊन आले. गंजिफाची पानं, म्हणजे हाताने रंगवलेले जुन्या पद्धतीचे पत्ते, करणाऱ्यांकडे अस्तराचं विचारलं. तिथे कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडू यांचे थर देऊन, घोटून, मग चित्र काढतात आणि शेवटी लाख चढवतात. ही पानं कोकणच्या पावसात शंभर शंभर वर्षं राहिलेली आहेत, मग मी सरसाच्या मागे का लागले होते?

चिंचोके भिजवून, साल काढून, पाट्यावर वाटून, शिजवून खळ केली. शिजताना तिला कच्च्या पिठाचा वास येतो आणि मग एकदम चकाकी येते, तेव्हा उतरवायची. फळीवर आधी जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा खळीने चिकटवला, त्यावर खळ आणि खडूचे पातळ हात. दिवसाला एकच. गुरुवारपर्यंत पाच होतील, मग कवडीने घोटायचं.

३० नोव्हेंबर, शनिवार

फळी तयार झाली. घोटलेला भाग गालाला लावून पाहिला, थंड आणि गुळगुळीत. तडा नाही.

आज चौकटी आखल्या. इजिप्तचे चित्रकार भिंतीवर आधी चौकटी आखत. उभ्या माणसाला तळपायापासून कपाळावरच्या केसांच्या रेघेपर्यंत अठरा चौकटी, बसलेल्याला चौदा. चौकट साधारण मुठीएवढी धरत. रेघा मारायला दोरी तांबड्या रंगात बुडवायची, दोन टोकांना ताणायची आणि मधे उचलून सोडायची. हे वाचलं तेव्हा फार आनंद झाला, कारण आमचे सुतार आणि गवंडी अजून हेच करतात. सूत मारणं म्हणतात त्याला. कावेत भिजलेलं सूत चिऱ्यावर सटकन बसतं तो आवाज मी लहानपणापासून ऐकतेय.

मांजरीला माणसाची मूठ कशी लावणार? मी बांगडीचा पंजा हे माप धरलं. ती निजलेली असताना पुढच्या पंजाखाली कागद सरकवून दोन्ही बाजूंना पेन्सिलीची खूण केली: तीन सेंटिमीटर, किंचित कमी. मग सगळं पंजांत मोजलं. बसलेली असताना जमिनीपासून टाळूपर्यंत साडेनऊ पंजे. खाताना वाकते तेव्हा पाठीचा सर्वात उंच भाग साडेसहा पंजे. शेपटी आठ. कान दीड. चेहरा बाजूने पाहिला तर नाकापासून कानाच्या मागपर्यंत जेमतेम तीन. मला वाटायचं तिचं डोकं मोठं आहे. नाहीये. गालांवरच्या केसांमुळे तसं वाटतं.

चित्रात पंजा दोन सेंटिमीटरचा धरला. मी एक टोक धरलं, शेजारच्या पोराने दुसरं, आणि सूत मारलं. फळीवर तांबड्या रेघा उठल्या तसं काम खरंच सुरू झालं.

१ डिसेंबर, रविवार

आधी तांबड्या रेघेत रेखाटन. तिथे कच्चं रेखाटन तांबड्यात होई आणि जाणता चित्रकार त्यावर काळ्याने दुरुस्त्या करी. अर्धवट राहिलेल्या थडग्यांत दोन्ही रेघा अजून एकमेकींशेजारी दिसतात.

आज सगळा दिवस एका अडचणीत गेला. बांगडी खाताना मान उजवीकडे कलती करते, कारण चावायला उजव्या बाजूचेच दात उरलेत. तीच तिची खूण आहे; अंधारात नुसती मानेची सावली पाहून ओळखीन मी तिला. पण बाजूने काढलेल्या डोक्यात कल दाखवता येत नाही. चार वेळा काढलं, चारही वेळा मांजर मान मोडल्यासारखी दिसली.

मग इजिप्तच्या नेबामून नावाच्या माणसाच्या थडग्यातलं बागेचं चित्र पुस्तकातून काढून बसले. त्यात तळं वरून दिसतं, चौकोनी. तळ्यातले मासे आणि बदकं बाजूने. आणि काठावरची झाडं आपापल्या बाजूला उभी. एका जागेवरून असं कधीच दिसणार नाही. पण तळं चौकोनी आहे, त्यात मासे आहेत आणि चारी बाजूंनी झाडं आहेत, हे सगळं त्यात सांगून झालेलं आहे.

तसंच केलं. मान सरळ ठेवली. जमिनीवर आईची पितळी ताटली वरून काढली, पूर्ण गोल. ताटलीत बांगडा बाजूने, आणि त्याच्या वर एका ओळीत काटे, प्रत्येक काटा सुटा. कारण आई रोज तेच करते. ताटली पुढ्यात घेऊन बोटांनी मासा कुस्करते, काटा लागला की ताटलीच्या कडेला ओळीने ठेवते, शेवटी एकदा ओळीवरून बोट फिरवते आणि मग ताटली खाली ठेवते. बांगडी तेवढा वेळ खुर्चीखाली थांबते. ओरडत नाही. कल दाखवता आला नाही, पण कल कशामुळे आहे आणि त्यावर घरात काय केलं जातं ते ताटलीत आलं.

काळ्या दुरुस्त्या तीन: पोट खाली आणलं (म्हातारपणी सुटलंय), कानाची मागची रेघ, आणि आईच्या पायाचा अंगठा.

४ डिसेंबर, बुधवार

आभाळ आलंय, हवा दमट. भिजवलेल्या डिंकावर बुरशी धरली, टाकून दिला. नवा भिजवताना लवंगेच्या तेलाचे दोन थेंब घातले.

८ डिसेंबर, रविवार

आज मुख्य रंग लागले. सगळे घरच्या आसपासचे.

तांबडा म्हणजे काव. आमच्याकडे जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं: चुन्याच्या पांढऱ्यावर कावेचा थर द्यायचा आणि तो खरवडून नक्षी काढायची. इजिप्तचा तांबडाही हाच, लोखंडाचा गंज असलेली माती. पिवळ्याला पिवळी माती. काळ्याला काजळी, तेलाच्या दिव्यावर उलटी वाटी धरून जमवलेली. पांढऱ्याला खडू. हे चारही रंग नाईलकाठच्या चित्रकाराने लगेच ओळखले असते.

डिंक बाभळीचा. लाडवांसाठी आईने आणलेल्यातलाच घेतला, रात्रभर भिजवून मलमलीतून गाळला. बाभळीचं शास्त्रीय नाव वाचेलिया नायलोटिका, म्हणजे नाईलकाठची. ते झाड तिथेही उगवतं आणि तिथल्या कारागिरांनाही बाभळीच्या जातीचा डिंक माहीत होता. गाळताना बोटांना जो चिकटपणा लागला तो त्यांच्याही बोटांना लागला असेल, हे मनातून जाईना.

मोठ्या भागासाठी माडाच्या झावळीच्या देठाचं टोक दगडावर ठेचून कुंचला केला. तिथे जाड कुंचले खजुराच्या जातीच्या झाडांच्या धाग्यांचे असत आणि बारीक कुंचले पाणथळीतल्या लव्हाळ्याच्या काडीचं टोक चावून केलेले. ठेचलेला देठ रंग खूप पितो आणि मग हळूहळू सोडतो. त्यामुळे सपाट भाग एकसारखा येतो, बाजारच्या ब्रशापेक्षा बरा.

बांगडीचं अंग: पिवळी माती दोन भाग, काजळी अर्धा, काव चिमूटभर. पोट आणि हनुवटी: खडूत पिवळी माती अगदी थोडी.

आईच्या पायांना कुठला रंग द्यायचा? त्या चित्रांत बायकांची कातडी पिवळसर आणि पुरुषांची तांबूस तपकिरी अशी रीत आहे. तावीही तशीच आहे. पण आई जन्मभर मळ्यात राबलीय, तिच्या टाचांच्या भेगांत तांबडी माती कायमची बसलीय. मी रीत मोडली. पाय कावेचे काढले.

खुर्चीचंही तेच. त्यांच्या खुर्च्यांचे पाय सिंहाच्या पंजांचे असतात, आणि ते काढायचा मोह मला झाला होता. पण त्यांनी आपल्या घरातली खुर्ची काढली. मी आमची काढली, वेताची जाळी आणि पुढे निघालेले लांब हात.

१५ डिसेंबर, रविवार

निळ्यावर आठवडा गेला, आणि तो वाया गेला असं मी म्हणणार नाही.

ताटलीची कड आणि लुगड्याचा काठ निळा हवा होता. आधी कपड्यांची नीळ वापरून पाहिली. जांभळट दिसली, पितळी पिवळ्याशेजारी तर डोळ्यांत खुपायला लागली. इजिप्तचा निळा वेगळा आहे, किंचित हिरव्याकडे झुकलेला, दुपारी अकराच्या समुद्रासारखा. तो खाणीतून येत नव्हता, भट्टीत करत: वाळू, चुनखडी, तांब्याचा अंश असलेली पूड आणि क्षार एकत्र करून साधारण ८५० ते १,००० अंश सेल्सिअसला बराच वेळ भाजायचं. माणसाने मुद्दाम तयार केलेल्या सर्वात जुन्या रंगांत तो मोडतो, साडेचार हजार वर्षांहून जुना.

आता तो पुन्हा करून विकतात. दहा ग्रॅम मागवला होता, तो शुक्रवारी आला. बोटात घेतला तर बारीक रेतीसारखा. खलात घोटायला घेतला आणि पाच मिनिटांत फिकट झाला. आणखी घोटला, आणखी फिकट. घाबरले, वाटलं बनावट निघाला. पण याचा गुणच तो आहे: कण मोठा तर रंग गडद, कण बारीक तर आकाशी. एकाच पुडीतून दोन निळे निघतात. अर्धा तसाच ठेवला, अर्धा पिठासारखा केला. गडद लुगड्याच्या काठाला, फिका ताटलीच्या कडेला.

गडद निळा लावताना कण कुंचल्यातून खाली बसतात, दर दोन रेघांनी ढवळावं लागतं. वाळल्यावर तिरक्या उजेडात पाहिलं तर काठ बारीक चमकतो, ओल्या वाळूसारखा.

२१ डिसेंबर, शनिवार

बुधवारपासून बांगडी खात नव्हती. हिरडी सुजली होती. डॉक्टरांनी उरलेल्यातला एक दात काढला, औषध दिलं. काल रात्री तिने थोडं माशाचं पाणी चाटलं. या दिवसांत फळीला हात लावला नाही, नुसती वाचत बसले.

नको ते वाचलं. १८८८ साली मध्य इजिप्तमध्ये बेनी हसनजवळ मांजरींच्या ममींचे ढीग सापडले. त्यातल्या सुमारे १९ टन ममी जहाजाने लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या. अंदाजे एक लाख ऐंशी हजार मांजरी होत्या म्हणतात. त्याहून जिव्हारी लागलं ते दुसरंच. नंतरच्या काळात देवीला वाहायला मांजरी मुद्दाम पाळत, आणि क्ष-किरणांत त्यातल्या कित्येक पिल्लांच्या माना मोडलेल्या दिसतात. इजिप्तचे लोक मांजरीला पूजत, एवढंच सांगून आपण थांबतो. ते अर्धंच आहे.

मग बेरेनिकेबद्दल वाचलं. तांबड्या समुद्रावरचं इजिप्तचं जुनं बंदर. पहिल्या-दुसऱ्या शतकात तिथून आपल्या किनाऱ्याकडे जहाजं सुटत. त्याच काळातल्या एका ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांत ‘सेमुल्ला’ येतं, ते आपलं चौल मानतात. त्या बेरेनिकेला गावाबाहेर प्राण्यांची दफनभूमी सापडली. सहाशेच्या आसपास प्राणी, बहुतेक मांजरी. ममी नाहीत, देवीला वाहिलेल्या नाहीत, मानाही मोडलेल्या नाहीत. निजल्यासारख्या ठेवलेल्या, कुणाकुणाच्या गळ्यात पट्टा नाहीतर मण्यांची माळ. आणि त्यांत काही प्राणी म्हातारे, दात गेलेले. वाळवंटातल्या त्या बंदरात, जिथे खाणंपिणं लांबून आणावं लागे, कुणीतरी त्यांना मऊ करून भरवल्याशिवाय ते तेवढं जगले नसते, असं संशोधक म्हणतात.

मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात गेले. आई उभी होती, उकडलेल्या मोरी माशाचा तुकडा बोटांनी पिठासारखा करत होती. त्या बंदरातही संध्याकाळी कुणीतरी असंच उभं असणार. चौलहून गेलेल्या जहाजावरचा एखादा खलाशी त्याच्या दारावरून गेला असेल.

२२ डिसेंबर, रविवार

खाल्लं. अर्धी वाटी.

२५ डिसेंबर, बुधवार

पट्टे. आज सुट्टी होती आणि ऊन चांगलं होतं. बांगडी पडवीत समोरच निजली होती, म्हणून बघून बघून काढता आले.

असे पट्टे असलेल्या मांजरीला इंग्रजीत मॅकरेल टॅबी म्हणतात. मॅकरेल म्हणजे बांगडाच. नाव पाटीवरून पडलेलं, ते असं दुसऱ्या बाजूनेही खरं निघालं. मात्र त्यांचा बांगडा वेगळा. उत्तर अटलांटिकच्या बांगड्याच्या पाठीवर आडव्या नागमोडी पट्ट्या असतात. आपल्याच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीकडे जाणाऱ्या लांब रेघा. ताटलीतला मासा आपलाच काढला, रेघा लांबीच्या, कल्ल्यामागच्या पराजवळचा काळा ठिपका, शेपटीआधीचे ते पाच बारीक पंख वर आणि पाच खाली. मासा ओळखू आलाच पाहिजे. राणी हत्शेपसुतच्या देवळात पुंत देशाच्या सफरीचं शिल्प आहे, त्यात जहाजांखाली तांबड्या समुद्रातले मासे कोरलेत ते इतके चोख की जाती सांगता येतात. कोळणीने माझा बांगडा पाहून नाक मुरडलं तर सगळं फुकट.

बांगडीच्या उजव्या कुशीवर अकरा पट्टे आहेत. सातवा तुटलेला आहे, मधे दोन बोटं जागा सोडून पुन्हा सुरू होतो. तेरा वर्षांत मी तो कधी पाहिला नव्हता. खांद्यावरचे पट्टे सरळ उतरतात, मांडीवरचे मागे वळतात. शेपटीवर सहा कडी आणि टोक काळं.

पट्टा एका रेघेत काढायचा नाही. नेबामूनच्या थडग्यातल्या पक्ष्यांच्या शिकारीच्या चित्रातली मांजर जवळून पाहिली तर अंग अशाच बारीक बारीक फटकाऱ्यांनी भरलेलं आहे, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. खारीच्या केसांच्या बारीक कुंचल्याने तसंच केलं. एका पट्ट्याला साधारण दोनशे फटकारे. चार पट्ट्यांनंतर मनगट भरून आलं. उरलेले उद्यापासून रोज रात्री दोन.

२९ डिसेंबर, रविवार

नाव लिहिलं. प्राचीन इजिप्तच्या भाषेत मांजराला ‘मिउ’ म्हणत. आपण पोराला मांजर दाखवताना जो आवाज काढतो तोच शब्द. राजपुत्र थुतमोसने आपल्या लाडक्या मांजरीसाठी चुनखडीची शवपेटी कोरून घेतली, तिच्यावर मांजरीचं नाव ‘ता-मिउ’ आहे. म्हणजे ‘ती मांजर’, एवढंच. राजाच्या पोराला, अमेनहोतेप तिसऱ्याच्या मुलाला, आपल्या मांजरीसाठी दुसरं नाव लागलं नाही. आपल्याकडे घरोघरी मनी असते तसंच.

चिन्हं अशी: दुधाचा लोटा, बोरूचं पातं, लाव्याचं पिल्लू, आणि शेवटी बसलेली मांजर, हे मांजराबद्दलच आहे असं सांगायला. मांजर म्हणजे मांजर असं लिहूनही चित्रकाराला शेवटी ती काढावीशी वाटते, हे मला फार आवडतं.

पिल्लू मी उलट्या तोंडाचं काढलं होतं. चिन्हांतले जीव ओळीच्या सुरुवातीकडे तोंड करून असतात, आणि चित्रातल्या माणसाचं किंवा प्राण्याचं नाव लिहिलं तर त्याचं तोंड जिकडे तिकडेच चिन्हांचंही. बांगडी उजवीकडे बघतेय, तेव्हा पिल्लानेही उजवीकडेच बघायला हवं, आणि वाचायचं उजवीकडून. ओल्या फडक्याने पुसून पुन्हा काढलं. शेजारी देवनागरीत ‘बांगडी’ लिहिलं, आपल्या रीतीने, डावीकडून.

५ जानेवारी, रविवार

डोळा. हा मुद्दाम शेवटी ठेवला.

आमच्या वाडीत गणपतीची शाळा आहे. तिथले काका पन्नासेक वर्षं मूर्तींची आखणी करतायत. सगळी मूर्ती रंगवून झाली तरी डोळ्यांची आखणी होईपर्यंत ती माती असते, असं ते मानतात, आणि त्या वेळी शाळेत कुणी मोठ्याने बोलत नाही. नोव्हेंबरात त्यांना रेखाटन दाखवलं होतं तेव्हा म्हणाले होते, "डोळे सगळ्यात शेवटी. आधी काढलंस तर ता तुझ्याकडे बघत रवता, मगे हात चलणा नाय."

नेबामूनच्या मांजरीच्या डोळ्यात सोनं आहे, सोन्याचा खरा पातळ पत्रा. थडग्यांच्या भिंतींवर सोनं क्वचितच दिसतं, आणि मांजरीच्या डोळ्यात आहे. मी सोन्याच्या वर्खाचं एक पान आणून ठेवलं होतं. काकांना बोलावलं, कारण माझा हात तेवढा स्थिर नाही.

पंखा बंद, दार ओढून घेतलेलं. काकांनी डोळ्याच्या आकारात डिंकाचं पाणी लावलं आणि थांबले. फार ओलं असलं तर वर्ख बुडतो, फार वाळलं तर धरत नाही. मग तोंड जवळ नेऊन हळूच वाफ दिली, कुंचल्याच्या टोकाने वर्खाचा नखाएवढा तुकडा उचलला, आणि तो आपल्याआपणच खाली ओढला गेला. कापसाने दाबला. कडेचं फुंकून टाकलं. मग काजळीने बाहेरची रेघ, नाकाकडे किंचित उतरती, आणि मधे बाहुली: उभी, अरुंद, दुपारच्या उजेडातली. रेघ एकदाच ओढली. बाहुली एकदाच ठेवली.

कुणी काही बोललं नाही. पिवळट हिरवा डोळा सोन्याचा होईल का अशी मला धाकधूक होती. झाला. दिवा हलवला की बघते.

आई पाठीमागे उभी होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिका एकच डोळो? दुसरो खय गेलो?"

मी सांगितलं, या चित्रांत बाजूने एकच काढतात.

"एक माझ्याकडे, एक ताटाकडे असता तिचो," आई म्हणाली. मग ताटलीतल्या ओळीवर वाकून तिने काटे मोजले, आणि उठताना मान हलवली.

१२ जानेवारी, रविवार

वर लाख द्यायची नाही असं ठरवलं. तुकड्यावर करून पाहिलं, पिवळा गडद होतो आणि गडद निळ्याची चमक मरते. पातळ मेण दिलं, तेही फक्त पार्श्वभूमीला.

फळी पडवीत टांगली, पण खाली, जमिनीपासून वीतभर वर, आईच्या खुर्चीमागच्या भिंतीला. उभ्या माणसाला वाकून बघावं लागतं. खुर्चीखालचं चित्र खुर्चीच्याच उंचीवर हवं.

बांगडी आली, मेणाचा वास घेतला, कोपऱ्याला गाल घासला आणि खुर्चीखाली जाऊन बसली. दुपारी सौंदाळे मासे होते. आई ताटली घेऊन काटे काढत होती.

भिंतीला पाऊस लागतो, तेव्हा मिरगाच्या आधी फळी उतरवून माजघरात न्यायची आहे, चुलीच्या मागच्या भिंतीला. पावसाळ्यात बांगडी तिथेच निजते.